नाडीबरोबर मनही पाहावे

छातीत धडधड, पोटात गुबारा, मान आखडणे, झोप न लागणे, अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थांना मी चार महिने हिंग्वाष्टक व अविपत्तिकर चूर्ण देत राहिलो. पाचव्या महिन्यात सहज विचारले, “मनाला कसला घोर लागला आहे का?” त्यांचे डोळे भरून आले. कर्ज, मुलीचे शिक्षण, स्वतःची प्रकृती. एक काळजी सरली की दुसरी उभी. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

आधुनिक वैद्यक यास ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणते. किमान 6 महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांची न आवरणारी काळजी आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, स्नायूंचा ताण, निद्रानाश यांपैकी किमान 3 लक्षणे. हा स्वभावदोष नव्हे, व्याधी आहे. चरकाचार्यांनी अतिचिंतन हे रसवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण सांगितले आणि सत्त्वावजय चिकित्सेला स्वतंत्र स्थान दिले. तेव्हा मनाची विचारपूस आपल्या शास्त्राबाहेरची नाही.

मात्र आपली मर्यादाही ओळखावी. थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. काळजीने दैनंदिन व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात कमीपणा नाही. समुपदेशन व औषधे यांनी हा विकार आटोक्यात येतो. आत्मघाताचे विचार असल्यास त्याच दिवशी पाठवावे. अल्प्राझोलाम घेणाऱ्यास “आता आयुर्वेद सुरू, ती गोळी बंद” असे कदापि सांगू नये. नियमित घेतलेली गोळी एकाएकी थांबवल्यास आकडीही येऊ शकते. अशा गोळीसोबत अश्वगंधा दिल्यास गुंगी वाढू शकते, हेही ध्यानात असावे.

औषध दुकानदार बंधूंनाही एक विनंती. अल्प्राझोलाम 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहे. चिठ्ठी आणि नोंदवहीतील नोंद बंधनकारक आहे. चिठ्ठीविना वारंवार गोळी मागणाऱ्यास नुसते परत पाठवू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्या हाती द्यावा. तेथे मराठीतही विनामूल्य बोलता येते.

असा रुग्ण मनोविकारतज्ज्ञांच्या दारी सहसा प्रथम जात नाही. तो आपल्या पायरीवर येतो. तेथे त्याला पुडीच्या आधी दोन आपुलकीचे प्रश्न मिळावेत.