'हार्ट' म्हणजे हृदय : एवढेच का?

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की 'हार्ट' या शब्दापुढे पहिला अर्थ दिसतो तो 'हृदय'. गाईडांत तेच, आणि शाळेपासून आपण घोकत आलो तेही तेच. तेवढे लिहिले तर परीक्षेत गुणही मिळतात. पण एक प्रतिशब्द पाठ झाला म्हणजे शब्द कळला, असे म्हणता येईल का? माझे मत असे आहे की, 'हार्ट' हा शब्द खरोखर समजून घ्यायचा तर 'हृदय' थोडा वेळ बाजूला ठेवून आपल्या घरातल्या मराठीकडे वळावे लागते. हे मत मी काही उदाहरणे देऊन मांडणार आहे. प्राध्यापकांनी व मित्रमैत्रिणींनी ते तपासून पाहावे.

प्रथम या शब्दांचे नाते पाहू. इंग्रजी 'हार्ट', लॅटिन 'कोर', ग्रीक 'कार्दिया', फारसी 'दिल' आणि संस्कृत 'हृद्' हे सारे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन मुळाकडे नेतात. म्हणजे 'हार्ट' आणि 'हृदय' ही चुलत भावंडेच झाली. लॅटिन 'कोर' फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे 'करेज' म्हणजे धैर्य झाले. फारसी 'दिल' आपल्याकडे आला आणि 'दिलदार', 'दिलगीर' होऊन राहिला. पण भावंडे निरनिराळ्या घरांत वाढली की त्यांच्या सवयी निराळ्या होतात. इंग्रजीने एकट्या 'हार्ट'ला घरातली सगळी कामे सांगितली. मराठीने ती वाटून दिली. काही काळजाकडे, काही मनाकडे, काही जिवाकडे, तर काही छाती, ऊर, पोट आणि अंतःकरण यांच्याकडे.

धैर्याचेच पाहा. 'टेक हार्ट' म्हणजे 'धीर धर'. 'लूज हार्ट' म्हणजे खचून जाणे. पण मध्ये 'वन्स' हा इवलासा शब्द आला आणि 'लूज वन्स हार्ट' झाले, की माणूस खचत नाही, प्रेमात पडतो! 'हॅव अ हार्ट' म्हणजे 'जरा दया येऊ द्या'. 'टेक टु हार्ट' म्हणजे मनाला लावून घेणे. येथे मराठीतही सावध राहावे लागते, कारण 'मनावर घेणे' निराळे आणि 'मनाला लावून घेणे' निराळे. परीक्षा मनावर घ्यावी, निकाल मनाला लावून घेऊ नये! इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड (कारकीर्द ११८९ ते ११९९) याला 'लायनहार्ट' म्हणत. त्याचे मराठी 'सिंहहृदयी' असे करता येईल. पण आमच्या गावातला म्हातारा 'वाघाच्या काळजाचा गडी' म्हणेल, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहील.

मायेचे खाते मराठीने बरेचसे पोटाकडे दिले आहे. लेकरासाठी आईचे आतडे तुटते, धाकट्याचा अपराध थोरला पोटात घालतो, 'ओठात एक आणि पोटात एक' असलेल्या माणसापासून आपण दूर राहतो. इंग्रजी 'हार्टलेस'ला 'हृदयशून्य' हा शब्द आहे खरा, पण 'उलट्या काळजाचा' म्हटले की जी चीड व्यक्त होते, ती त्यात नाही.

कोणी म्हणेल, या सगळ्यात शरीरशास्त्र कुठे आहे? ते कोणत्याच भाषेला नीट जमलेले नाही. 'हार्टबर्न' हा शब्द ऐकून घाबरू नये. जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आले की छातीत जळजळते, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. हृदयाचा तेथे काही संबंध नाही. आपणही कमी नाही. ज्या काळजाचे पाणी होते, ज्याचा ठोका चुकतो, त्याच्याच नात्यातला 'कलेजी' हा शब्द मटणाच्या दुकानात उच्चारला तर यकृत मिळते. 'जिगर' हाही फारसीत यकृतच. आपण त्याचा 'जिगरबाज' केला. हृदय हा रक्त ढकलणारा स्नायू आहे आणि रक्त शरीरात फिरत राहते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये ग्रंथ लिहून दाखवून दिले. ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊन येथे एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिली तशी शस्त्रक्रिया केली. आता दुसऱ्याचे हृदय घेऊन माणसे वर्षानुवर्षे जगतात आणि माया मात्र आपल्याच मुलाबाळांवर करतात. तरीही इंग्रजीतले 'हार्ट' तुटायचे थांबले नाही आणि आपले काळीजही. भाषा शरीरातले अवयव उसने घेते. पण त्यांना कामे देते ती आपल्या अनुभवाची.

'हार्ट'चा आणखी एक अर्थ म्हणजे अगदी आतला भाग. 'हार्ट ऑफ द सिटी' म्हणजे भरवस्ती. 'हार्ट ऑफ द मॅटर' म्हणजे मुद्द्याचे मर्म. 'हार्टवुड' म्हणजे खोडाच्या गाभ्याचे लाकूड. जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही कथा १८९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचे 'काळोखाचे हृदय' असे भाषांतर केले तर शब्द बरोबर, पण अर्थ दूर. 'काळोखाचा गाभा' म्हटले तर आफ्रिकेच्या आतला प्रदेश येतो. माणसाच्या आतला काळोख मात्र थोडा निसटतो. इंग्रजी शब्दाने दोन्ही एकाच मुठीत धरले आहेत. हे कळणे म्हणजे ते नाव कळणे, असे मला वाटते.

पत्त्यांत तर 'हार्ट्स'चा आपण सरळ 'बदाम' केला आणि 'बदाम सात' खेळायला बसलो! इंग्रजाला ज्यात हृदय दिसले, त्यात आपल्या माणसाला सुका मेवा दिसला. आता तोच लाल बदाम मोबाईलवरून दिवसाला दहादा पाठवला जातो. न्यूयॉर्क राज्याच्या १९७७ च्या पर्यटन मोहिमेसाठी मिल्टन ग्लेसर यांनी 'लव्ह' या शब्दाच्या जागी हे चित्र काढले. ते इतके रुळले, की २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने 'हार्ट' या क्रियापदाला 'प्रेम करणे' हा नवा अर्थ दिला.

आता थोडे आपल्या सभासमारंभांविषयी. 'फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट' याचे 'हृदयाच्या तळापासून आभार' असे भाषांतर व्यासपीठावरून ऐकू येते. 'मनापासून' हा सोपा शब्द आपल्याकडे असताना तळ कशाला गाठावा? 'चेंज ऑफ हार्ट'चेही तसेच. गांधीजींच्या व विनोबांच्या विचारात 'हृदयपरिवर्तन' या शब्दाला फार मोठे वजन आहे. पण इंग्रजीत सहलीला जायचा बेत ऐनवेळी बदलला तरी 'चेंज ऑफ हार्ट' होतो. तेथे 'हृदयपरिवर्तन' लिहिणे म्हणजे त्या थोर शब्दाची थट्टाच होय.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मी शेवटी ठेवले आहे. 'लर्न बाय हार्ट' म्हणजे पाठ करणे. आपण 'तोंडपाठ', 'मुखोद्गत', 'कंठस्थ' म्हणतो. इंग्रजीने पाठांतर हृदयात ठेवले, आपण ते तोंडात आणि कंठात ठेवले. आमच्या परीक्षा पाहिल्या की वाटते, आपलेच शब्द खरे ठरत आहेत! मार्चमध्ये तोंडात असलेले उत्तर जूनमध्ये तोंडात नसते. पाठांतराला माझा विरोध नाही. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी शेकडो ओव्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, त्या पाठांतराच्याच बळावर. पण त्या ओव्या त्यांच्या सुखदुःखातल्या होत्या, म्हणून टिकल्या. गाईडातले उत्तर कोणाच्याच सुखदुःखातले नसते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. आमच्यासारख्या कितीजणांना असे वाटते, की इंग्रजीच्या तासाला बसताना घरची भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवावी. घरी कोणाला इंग्रजी येत नाही, म्हणजे आपण रिकाम्या हाताने आलो, असा न्यूनगंड मनात घर करून बसतो. पण वर दिलेले शब्द मी काही ग्रंथालयातून आणलेले नाहीत. 'आतडं तुटणं', 'काळजाचं पाणी होणं', 'जीव ओतणं' हे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे आहेत. तिला सही येत नाही. तरी 'हार्ट'ची निम्मी वाक्ये मला उमगली ती तिच्या बोलण्यावरून.

इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकावी, असे काही जाणकार म्हणतात. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जाते, वर्तमानपत्र येते, त्यांना ते ठीक आहे. आम्ही मात्र ज्या पायरीवर उभे आहोत, तिच्यावरूनच पुढची पायरी चढणार.

म्हणून एक नम्र सूचना करते. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून आठवड्याला एक इंग्रजी शब्द निवडावा. विद्यार्थ्यांनी त्याच्या निरनिराळ्या उपयोगांसाठी आपापल्या घरातले, गावातले शब्द गोळा करून आणावेत आणि ते भित्तिपत्रकावर लावावेत. यासाठी अनुदान लागत नाही, एक फळा आणि थोडी टाचण्या पुरतील. पुढच्या वर्षी जूनमध्ये 'हेड' या शब्दापासून सुरुवात करता येईल. डोके, माथा, शीर, टाळके, मस्तक, मुख्य, मथळा, एवढे शब्द तर बसल्या जागी सुचतात. उरलेले घरी विचारून आणू.