एक दिवस जादा घ्या

नाताळच्या सुट्टीत मोपाहून धामापूरच्या तळ्यापर्यंत सायकलने जायचं ठरतंय. मित्र म्हणतात, पहाटे निघू आणि रात्री परत! मला हे पटत नाही. इन्सुलीचा घाट चढून सावंतवाडीला मोती तलावाकाठी जेवायचं, मुक्काम धामापुरात करायचा. हे तळं धामापूर-काळसेच्या गावकऱ्यांनी १५३० साली बांधलं. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. इतकी वर्षं गावाने पाणी कसं राखलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायला नको? की भगवतीच्या देवळाकडे सेल्फी काढून पळायचं? घाईवाल्यांसाठी आपल्या पठारावर विमानतळ आहेच. सायकलवाल्याने पंक्चरच्या सामानाबरोबर एक जादा दिवसही बांधून घ्यावा.