कॉस्बींचा उपदेश आणि टाळ्या वाजवणारे

१७ मे २००४ रोजी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये अमेरिकेतले नामवंत कृष्णवर्णीय जमले होते. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या निकालाला त्या दिवशी ५० वर्षं होत होती. बोलायला उभे राहिले विनोदवीर बिल कॉस्बी. १९८४ ते १९९२ या काळात ‘द कॉस्बी शो’मधला हसरा, समंजस डॉक्टर बाप म्हणून गोऱ्यांच्या दिवाणखान्यातही ज्यांना मान होता, ते कॉस्बी.

प्रसंग कौतुकाचा होता, पण कॉस्बींनी गरीब कृष्णवर्णीयांची झडतीच घेतली. आईबाप पोरांना पाचशे डॉलरचे बूट घेऊन देतात, वाचायला शिकवणाऱ्या साहित्यावर दोनशे खर्चत नाहीत. पोरांना धड इंग्रजी येत नाही, पॅण्टी कमरेवर ठरत नाहीत. नावं तरी काय ठेवतात, आणि ती नावं लावणारे सगळे तुरुंगात! मग ते प्रसिद्ध वाक्य : केकच्या तुकड्यापायी कुणाला गोळी लागली की आपण पोलिसांवर ओरडतो, पण त्याच्या हातात तो केक आला कुठून, हे विचारत नाही. ‘पाउंड केक भाषण’ हे नाव पडलं ते यावरून. सभागृहात हशा आणि टाळ्या. नंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडाचे प्रमुख थिओडोर शॉ व्यासपीठावर आले आणि समाजापुढचे सगळेच प्रश्न स्वतः ओढवून घेतलेले नाहीत, एवढं त्यांना सांगावं लागलं.

खरा वाद घातला मायकल एरिक डायसन यांनी. २००५ मध्ये त्यांनी पुस्तकच लिहिलं, ‘इज बिल कॉस्बी राइट?’ म्हणजे कॉस्बींचं बरोबर आहे का? डायसन डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतले. कोवळ्या वयात बाप झालेले, सरकारी मदतीवर दिवस काढलेले, पुढे प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवलेले. त्यांचा सख्खा भाऊ जन्मठेप भोगत होता. स्वावलंबनाचा दाखला म्हणून कॉस्बींनी ज्यांना मंचावर बसवायचं, तेच उलटून बोलले. त्यांचं म्हणणं असं की वर पोचलेला कृष्णवर्णीय मध्यमवर्ग खाली राहिलेल्यांची लाज वाटून घेतो आहे आणि त्या लाजेला समाजहिताचं नाव देतो आहे. कारकीर्दभर विनोदातून वंशाचा विषय टाळणाऱ्या कॉस्बींनी तोंड उघडलं ते गरिबांवरच, हेही डायसन यांनी सोडलं नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कॉस्बींनी न तपासलेलं. पोरं बिघडल्याचा त्यांचा सूर होता, पण कृष्णवर्णीय किशोरींचं मातृत्वाचं प्रमाण १९९१ नंतर झपाट्याने घटून २००४ पर्यंत जवळपास निम्म्यावर आलं होतं. आणि भाषणाच्या आदल्याच वर्षी डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकीतला प्रयोग प्रसिद्ध केला होता. नीट बोलणारे, नीटनेटके कॉलेजकुमार त्यांनी किरकोळ नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले. शिक्षण, अनुभव कागदावर सारखं. काहींनी तुरुंगवास भोगल्याचं सांगायचं, काहींनी नाही. तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं. पाटी कोरी असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी १४ टक्क्यांना. त्यांच्या पॅण्टी कमरेवर होत्या आणि इंग्रजी चोख होतं.

कॉस्बींनी ज्या नावांची टिंगल केली, त्यांचाही हिशेब झाला होता. बोस्टन आणि शिकागोत मारिअॅन बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी सारख्याच मजकुराचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी धाडले. गोऱ्या वळणाच्या नावांना ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. म्हणजे लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीय वळणाची नावं लावणाऱ्यांना नाव भोवत होतं हे खरंच. पण चूक नाव ठेवणाऱ्या आईची, असं फक्त कॉस्बींनी ठरवलं.

कॉस्बींची बाजू अगदीच लटकी नव्हती. ते फिलाडेल्फियाच्या सरकारी वसाहतीत वाढले, शाळा अर्धवट सोडली, नौदलात गेले, पुढे शिक्षणशास्त्रात डॉक्टर झाले. १९८८ मध्ये त्यांनी आणि पत्नीने स्पेलमन कॉलेजला २ कोटी डॉलर दिले. त्यांच्या सभांना गरीब वस्त्यांतले लोकही गर्दी करायचे, माना डोलवायचे. आपल्या पोराने शिकावं, गोळीबारात सापडू नये, हे कुठल्या आईला वाटत नाही? मग कॉस्बींचे चारचौघांत वाभाडे कशाला काढायचे, घरातलं घरात सांगायचं, असं डायसनना बजावणारे पुष्कळ भेटले. हा युक्तिवाद मला पटत नाही. उपदेश चारचौघांत झाला होता, आणि तो सर्वांत जास्त आवडला तो ज्यांना उद्देशून नव्हता त्यांना. ‘बघा, त्यांचाच माणूस म्हणतोय’ म्हणायची सोय झाली की शाळेचा निधी, पोलीस, नोकरी देणारा साहेब सगळेच सुटतात.

स्वतःच्या माणसांना खडसावणं गैर नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं अन्न सोडा, असं स्पष्ट सुनावलं. पण त्याच परिषदेतून ते लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कॉस्बींच्या भाषणात तळंच नव्हतं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. अनेक स्त्रियांनी कॉस्बींवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१४ मध्ये हॅनिबल बरेस या तरुण कृष्णवर्णीय विनोदवीराने फिलाडेल्फियाच्या रंगमंचावर त्यांच्या उपदेशगिरीची टर उडवत त्या आरोपांची आठवण दिली आणि ती चित्रफीत देशभर पसरली. २०१५ मध्ये न्यायाधीश एडुआर्डो रोब्रेनो यांनी कॉस्बींची अशाच आरोपावरच्या दाव्यातली जुनी जबानी खुली केली, तेव्हा एक कारण हेच दिलं, की या गृहस्थांनी स्वतःच जाहीर नीतिपाठाचा मक्ता घेतला आहे. २०१८ मध्ये कॉस्बी दोषी ठरले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर शिक्षा रद्द केली.

तेव्हापासून भाषणाचा विषय निघाला की लोक ‘ढोंगी’ म्हणून हात झटकतात. हे फार स्वस्त आहे. कॉस्बी निष्कलंक ठरले असते तरी मिलवॉकीचे १४ टक्के वाढले नसते. शिवाय हा उपदेश त्यांच्याबरोबर संपलाही नाही. २०१३ मध्ये मोअरहाउस कॉलेजच्या पदवीदानात ओबामांनी कृष्णवर्णीय पदवीधरांना सबबी सांगू नका म्हटलं, तेव्हा लेखक टा-नेहिसी कोट्स यांनी राष्ट्राध्यक्षांनाही सोडलं नाही. ते योग्यच झालं.

आपल्याकडेही अशा भाषणांना टाळ्या पडतात. त्या वाजवण्याआधी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास जरूर पाहा. खासगी कंपन्यांकडे त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव-आडनाव. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास होती, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी.