कपाट बदलेल, पुस्तक आपलं राहू द्या



आज जरा कडक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आपल्या बडोद्याच्या आणि इंदूर-ग्वाल्हेरच्याही काही जणांनी मला अलीकडे कळवलं, "काका, आमच्या घराण्याची वेबसाइट करतोय. अमुक सॉफ्टवेअर घेतलंय. काही शिकावं लागत नाही, माउसने ओढायचं आणि सोडायचं." हौस चांगली आहे. पण माझं म्हणणं ऐका. ज्या सॉफ्टवेअरशिवाय तुमचं लिखाण उघडतच नाही, त्याच्या ताब्यात घरच्या आठवणी देऊ नका. फुकट मिळालं तरी देऊ नका.

हे ऐकीव बोलत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या ४१ मराठी कुटुंबांच्या आठवणी गोळा केल्या. कुणाचे पणजोबा गायकवाड सरकारच्या खासगी कारभारात, कुणाचे आजोबा कलाभवनात शिकलेले, कुणाच्या आजी लग्न होऊन कोकणातून थेट इथे आलेल्या, आल्या तेव्हा गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. हे सगळं एका जागी, कुणालाही वाचता येईल असं ठेवायचं म्हणून एक नावाजलेलं, पैसे मोजून घेतलेलं वेब डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरलं. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

त्या सॉफ्टवेअरने काय काय केलं ते सांगतो. पहिलं, एका अपडेटनंतर सगळ्या फोटोंच्या ओळी सरकल्या. एका घराण्याच्या पणजोबांखाली दुसऱ्याच घराण्याचं नाव आलं. त्या दोन घराण्यांचं तीन पिढ्या फारसं पटत नाही, तेव्हा मला आलेले फोन तुम्हीच कल्पा. दुसरं, मी एका परिच्छेदात एक वेलांटी सुधारली, तर त्याने आपल्या मनाने त्या परिच्छेदाभोवती चाळीसएक ओळींचा कोड गुंडाळला. मी हात न लावलेल्या ओळीही बदलल्या. तिसरं सगळ्यात वाईट. सात पानांवरची देवनागरी अक्षरं जाऊन तिथे प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहिल्या. आणि स्क्रीनवर संदेश काय? फाइल यशस्वीपणे सेव्ह झाली!

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण हे ज्याला कळलं तो पुढे फसत नाही. मराठी पान बिघडण्याचे दोन प्रकार असतात. एकात देवनागरीच्या जागी टोप्या आणि शेपट्या लावलेली रोमन अक्षरं दिसतात. घाबरू नका. मजकूर बहुतेक शाबूत असतो, फक्त ब्राउझर तो चुकीच्या संकेताने वाचतोय. फाइल यूटीएफ-८ आहे असं पानाच्या डोक्यावर एका ओळीत लिहिलं की बहुतेक वेळा मराठी परत येते. दुसऱ्या प्रकारात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. सेव्ह झालेली फाइल उघडून तिच्यातही तीच दिसली, तर अक्षरं गेली. सॉफ्टवेअरने फाइल अशा जुन्या संकेतात ठेवली की ज्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकून मोकळं झालं. कुठलाही जाणकार ते परत आणू शकत नाही.

आता गंमत बघा. विंडोजचं जुनं नोटपॅड, जे मशीनबरोबर फुकट येतं, तेसुद्धा असं करण्याआधी विचारत असे की या फाइलमधली अक्षरं जातील, चालेल का? फुकटचं नोटपॅड विचारतं आणि पैसे घेणारं सॉफ्टवेअर विचारत नाही. आमच्या शाखेत दिवसअखेर एक रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. इथे अख्खं पान जातं आणि वर अभिनंदन केलं जातं.

सातपैकी सहा पानं परत उभी केली, कारण हस्तलिखितं माझ्या कपाटात होती. बँकेची सवय, व्हाउचर टाकत नाही. सातवं पान एका मावशींचं. त्या सांगत गेल्या आणि त्यांची नात थेट त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत गेली. कागद नव्हताच. मावशी आता नाहीत. त्यांच्या माहेरच्या वाड्यातली विहीर, तिथली मंगळागौर, सावकारी बुडाल्यावर वडिलांनी विकलेली दागिन्यांची पेटी, हे सगळं प्रश्नचिन्हांत गेलं. नातीला जेवढं आठवतं तेवढं तिने पुन्हा लिहिलं. पण ती मावशींची भाषा नाही.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, नवी आवृत्ती विकत घ्या. आणि जुन्या आवृत्तीतली प्रोजेक्ट फाइल नव्या आवृत्तीत उघडेल याची हमी नाही!

कोणी म्हणेल, तुम्हाला नेमकं वाईट सॉफ्टवेअर मिळालं, मोठ्या कंपनीचं घ्या. बरं, मोठ्या कंपन्यांचा इतिहास बघू. मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज एके काळी घरोघरी होतं. २००३ ही त्याची शेवटची आवृत्ती. त्याच्या जागी एक्स्प्रेशन वेब आलं, २०१२ साली ते फुकट करून त्याचंही पुढचं काम थांबवलं. अडोबीने म्यूज नावाचं सॉफ्टवेअर काढलं, कोड न शिकता वेबसाइट करा म्हणून. २०१८ साली ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. त्यातून बाहेर काढलेली पानं चालत राहिली, पण ज्या फाइलीत दुरुस्ती करायची ती दुसऱ्या कशातही उघडत नाही. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने केलेली असंख्य घरगुती पानं होती. २००९ साली याहूने कुलूप लावलं. २०१४ साली ऑर्कुट गेलं. या कंपन्या दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. धंदा परवडला नाही, शाखा बंद केली. बँकाही करतात. पण बँक शाखा बंद करताना तुमचं खातं दुसरीकडे हलवते, गिळत नाही.

आपल्या लोकांना तर हे आधीच कळायला हवं होतं. आपल्यापैकी कितीतरी घरांत मोडीतली कागदपत्रं आहेत आणि ती वाचणारं घरात कुणी नाही. त्यानंतर नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका आठवा. त्या काळच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की निरर्थक चिन्हं दिसतात. म्हणजे दोनदा ठेच लागली. तिसऱ्यांदा त्याच दगडावर पाय का आपटायचा?

मग पर्याय काय? मी बरेच एडिटर वापरून पाहिले. सीमंकीबरोबर येणारा कंपोझर, मग कोम्पोझर. दोन्ही फुकट. दिसतं तसं पान करता येतं आणि निघते ती साधी एचटीएमएल फाइल. कोम्पोझरचं काम कधीच थांबलंय, पण त्यात केलेली माझी पानं आजही कुठेही उघडतात. फरक नेमका इथे आहे. शेवटी मी नोटपॅड++ वर स्थिरावलो. डावीकडे फाइल, उजवीकडे ब्राउझर, सेव्ह करून एफ-५ दाबलं की पान दिसतं. नातीकडे मॅक आहे, ती तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडते. तिच्या मशीनवर माझी वेलांटीसुद्धा हलत नाही.

कुठलाही एडिटर घेताना चार गोष्टी तपासा. एक, त्यातली फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडते का? दोन, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते का? तीन, आपण हात लावला नाही ती ओळ तो जशीच्या तशी ठेवतो का? चार, इंटरनेट गेलं किंवा वर्गणी संपली तरी आपलं लिखाण आपल्याला वाचता येतं का? एकालाही "नाही" उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

"काका, आता या वयात कोड कोण शिकणार?" हा प्रश्न हमखास येतो. अहो, शीर्षक, परिच्छेद, फोटो, दुवा, यादी, तक्ता, एवढ्याला दहाबारा खुणा लागतात. माझ्या पिढीने खातेवही सोडून पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला. तेव्हा वही आणि मशीन दोन्ही समांतर चालवली, बाकी जुळल्याशिवाय वही मिटली नाही. ज्या बायका डोक्यात शंभर माणसांच्या पंगतीचं माप ठेवतात, त्यांना दहा खुणा जड नाहीत. दुकानाच्या दिवाळी सेलचं पान करायचं असेल तर खुशाल ओढा आणि सोडा. ते पुढच्या दिवाळीला बदलायचंच असतं. आजीची आठवण बदलायची नसते.

साध्या एचटीएमएलचं आयुष्य बघा. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब सुरू केलं, तिथल्या पहिल्या वेबसाइटची जुनी प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते. आणि आपण तर सयाजीराव महाराजांच्या गावचे. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था लावून घेतली. वाचनालयात कपाट जुनं झालं तर कपाट बदलतात. पुस्तक त्याच्याबरोबर भंगारात देत नाहीत. सॉफ्टवेअर हे कपाट आहे.

तेव्हा या गटातल्या सगळ्यांना विनंती. इथे लिहिता ते छान, पण इथलं लिखाणही दुसऱ्याच्या कपाटात आहे. प्रत्येक आठवणीची एक प्रत साध्या यूटीएफ-८ फाइलीत घरी ठेवा, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि एक कागदावर छापून. हीच पोस्टसुद्धा मी आधी नोटपॅडमध्येच लिहिली आहे. आणि घरात ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल, तर वेबसाइट कशी दिसेल याची चर्चा नंतर करा. आधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.