पुतळ्याच्या मागचा माणूस

मंडळी, उद्या १० जुलै. १९४४ साली याच तारखेला आपल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत पडले. वय २२.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. आपण रोज समोरून जातो. पण कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा, हे कोण? 'कोणीतरी फौजी होते.' बस, एवढंच.

म्हणून थोडक्यात सांगतो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि घाडगेंच्या हाताखालचे सगळे जवान मेले तरी किंवा जखमी झाले. उरले एकटे. ते तसेच धावले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळच नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही, कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. इटलीच्या त्या लढाईत ५,७८२ हिंदी सैनिक मेले.

आता नेहमीची कमेंट येणारच : 'इंग्रजांसाठी लढले, आपल्याला काय त्याचं?' बरोबर आहे, '४२ची चळवळ झालेली, पुढारी तुरुंगात, आणि ही पोरं इंग्रजी वर्दीत. ते नाकारून चालणार नाही. पण कोकणातली जमीन किती जणांचं पोट भरते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. आणि समोर उभं होतं ते हिटलरचं सैन्य, हेही विसरू नका.

इंग्रज गेले, आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात यांना जागा झाली नाही. दोन्हीकडून राहिले. इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने मात्र जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. ७९ वर्षांनी, आणि परक्यांनी!

हार घालायला माझी ना नाही. पण घाडगेंचं नाव निदान पदकामुळे राहिलं. बाकीच्यांचं काय? आपल्याकडे काही गावांत पहिल्या महायुद्धाचा दगड आहे : या गावातून इतके गेले, इतके मेले. आकडा आहे, नाव एकही नाही. काही दगडांवर तर चुन्याचे थर चढलेत. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. शाळेच्या मास्तरांनी मनावर घेतलं तर चार दिवसांचं काम.

तुमच्या गावात असा दगड असेल तर फोटो पाठवा. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांना विचारा, कोण पलटणीत गेला आणि परत आला नाही. नाव, गाव, जमलं तर पलटण. मी यादी करतोय.