रांगेतल्या तासांची मजुरी

चेन्नई बंदराच्या उत्तरेकडील दरवाज्यापासून कासिमेडूच्या मासळी बंदरावरून एण्णूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग गेली दोन दशके पुन्हा पुन्हा लागत आली आहे. कधी ती काही तासांत मोकळी होते, तर कधी तिरुवोट्रियूर ओलांडून मणलीच्या बाजूला वळते आणि शेवटच्या गाडीला बंदराचे दार दिसण्यास दिवस उलटावा लागतो. या रांगेच्या बातम्या अधूनमधून झळकतात. निर्यातदारांना किती खोट आली आणि बंदराच्या नावलौकिकाला कसा बट्टा लागला, याचे त्यांत साग्रसंगीत वर्णन असते. गाडीत बसलेल्या माणसाचा उल्लेख झालाच तर तो शेवटच्या परिच्छेदात, आणि तोही बहुधा त्याने रहदारीला अडथळा केला म्हणून.

हा माणूस तेथे तासन्‌तास काय करीत असतो? त्याला झोपता येत नाही, कारण पुढची गाडी दहा फूट सरकली की त्यालाही सरकावे लागते. गाडी सोडून जाता येत नाही, कारण मालाची आणि डिझेलची जबाबदारी त्याच्यावर असते. रस्त्याच्या कडेला शौचालय नाही, सावली नाही, आणि मद्रासचा वैशाख काय असतो हे तेथे राहिलेल्यालाच ठाऊक. कित्येकांचे घर तेथून पाच-सात किलोमीटरांवर असते, पण तेथेही त्याला जाता येत नाही. थोडक्यात, तो मालकाच्या कामावर आहे. मात्र मजुरीच्या हिशोबात या कामाची नोंद कोठेही नाही.

बंदराच्या व्यवहारात प्रत्येक वस्तूच्या थांबण्याला किंमत आहे, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जहाज ठरल्याहून अधिक दिवस धक्क्यावर खोळंबले तर डेमरेज द्यावे लागते. कंटेनर मोफत दिवसांपलीकडे अडकला तर जहाज कंपनी त्याचे दररोजचे भाडे लावते. माल यार्डात पडून राहिला तर जागेचे भाडे चढते, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता तर गाडी उभी असो वा चालती, महिन्याच्या महिन्याला वसूल होतोच. लोखंडाच्या पेटीला आपल्या वेळेचे मोल मिळते. चालकाला मिळत नाही. त्याचा मोबदला बहुतांशी खेपेवर ठरतो. ज्याला दक्षिणेत ‘बाटा’ म्हणतात तो खेपेचा भत्ता हीच त्याची खरी कमाई. महिन्यात ज्या खेपा सुरळीत गेल्या तर पंधरा-वीस होतील, त्या रांगेपायी निम्म्यावर आल्या की कमाईही निम्म्यावर येते. त्यातही रांगेतले जेवण, चहा आणि पाणी त्याच्याच खिशातून.

अशा वेळी चालकाचा राग कोणावर निघतो? जहाज कंपनीचा अधिकारी त्याला कधी दिसत नाही. टर्मिनलची व्यवस्था १९८३ मध्ये सुरू झाली तेव्हा बंदराच्या स्वतःच्या हाती होती. २००१ पासून ती खासगी कंपनीकडे गेली आणि तिचा कारभार काचेमागे चालतो. निर्यातदार तर श्रीपेरुंबुदूर किंवा ओरगडमच्या कारखान्यात. चालकाला ठाऊक असतो तो फोनवरचा आवाज, म्हणजेच ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कचेरीतला डिस्पॅचवाला किंवा सुपरवायझर. ‘गाडी कुठे आहे?’ हा प्रश्न तो दिवसातून दहा वेळा विचारतो. वास्तविक गाडी कोठे आहे हे त्याला समोरच्या पडद्यावर दिसत असते, कारण जीपीएस यंत्र त्यासाठीच बसविलेले आहे. चालकाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. कागदात चूक आहे, दारावरून परत पाठविले, आता काय करू? टायर गेला, पैसे कोण पाठविणार? कालची रात्र जागून काढली, आज दुसरी खेप घेऊ नको म्हटले तर गाडी काढून घेणार का? या प्रश्नांना उत्तर देणारा फोन रात्री नऊनंतर लागत नाही, ही देशभरच्या चालकांची कैफियत आहे आणि ती खोटी नाही.

एकच उदाहरण पाहा. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरना एक दिवस अशी ठरली. पूर्वी ती १०० किलोमीटरना एक दिवस होती. म्हणजे ज्या मालाला हे बिल लागते तो पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या कारखान्यातून निघाला की त्याला मिळतो एक दिवस, आणि रांगेला लागतात दोन. मुदत वाढविता येते, पण संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच, आणि ती संगणकावर वाढवायची असते वाहतूक कंपनीने. ते काम कचेरीचे, चालकाचे नव्हे. कचेरीने रात्री फोन उचलला नाही आणि सकाळी तपासणी पथकाने गाडी अडविली, तर करखात्याची नोटीस मालकाच्या नावे निघते हे खरे. परंतु दंड भरला जाईपर्यंत गाडीत राहतो तो चालक. त्या दिवसांचा बाटा? खेप पुरी झालेली नाही, सबब बाटा नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण चालकांच्या सभांतूनही ती पुरेशी बोलली जात नाही. फोनवरचा तो सुपरवायझर बहुधा स्वतःच तुटपुंज्या पगाराचा तरुण असतो. दोन-तीन मोबाइल, वीस-पंचवीस गाड्या, वरून ग्राहकाचा तगादा आणि खालून चालकांच्या शिव्या, असा त्याचा दिवस जातो. चालकाला दोनशे रुपये जेवणासाठी पाठविण्याचा अधिकार त्याला नसतो. खेप रद्द करण्याचा तर नसतोच. उद्धटपणाचे किंवा बेफिकिरीचे समर्थन आम्ही करणार नाही, आणि त्याचे अनुभव चालकांना उदंड आहेत. तथापि उत्तरदायित्व दिलेला पण अधिकार न दिलेला माणूस मध्ये बसविणे, ही मालकवर्गाची जुनी युक्ती आहे. खालच्यांचा संताप त्याच्यावर आदळून तेथेच जिरावा, वर पोहोचू नये, एवढ्यासाठी त्याची खुर्ची असते.

मराठी वाचकाला हे नवे सांगावयास नको. गिरणगावात हीच खुर्ची जॉबरची होती. भरती त्याच्या हाती, बदली त्याच्या हाती आणि दस्तुरीही त्याच्याच खिशात. मालक मात्र नामानिराळा. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कोरडे ओढले होते. आजचा डिस्पॅचवाला जॉबरइतका बलवान नाही, त्याच्याकडे जॉबरचे अधिकार नाहीत. जॉबरचा दोष मात्र त्याच्या माथी मारलेला आहे. आणि मद्रासविषयीच बोलायचे तर, हिंदुस्थानातील पहिल्या संघटित कामगार संघांपैकी एक, मद्रास लेबर युनियन, २७ एप्रिल १९१८ रोजी पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या कामगारांतून उभी राहिली, ती कोणत्या तक्रारीतून? जेवणाची सुटी अपुरी पडते आणि वरचे साहेब अपमान करतात, या तक्रारी तिच्या मुळाशी होत्या. बी. पी. वाडिया या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी प्रथम त्याच ऐकून घेतल्या. वेळ आणि वागणूक हे प्रश्न क्षुल्लक मानणाऱ्यांनी ही तारीख आठवावी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे आठ तास ठरविले. लांबच्या पल्ल्याला दहापर्यंत सवलत दिली. त्यातील कामाच्या तासांची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कामगार मालकाच्या दिमतीला असेल तो वेळ कामाचा, असे ती प्रथम उदारपणे सांगते. मग या वेळेत काय काय धरावे याची यादी येते. गाडी चालविण्याचा वेळ, पूरक कामाचा वेळ, आणि अखेरच्या थांब्यावरील नुसत्या हजेरीचा पंधरा मिनिटांहून कमी असा वेळ. पंधरा मिनिटे! मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एसटीचा थांबा असावा; एण्णूरचा रस्ता खचितच नव्हता. चौदा मिनिटांची हजेरी कायद्याने नावानिशी मोजली आणि चौदा तासांच्या हजेरीविषयी मौन पाळले. त्या मौनात मालकाच्या कारकुनाला हवी तेवढी जागा सापडली.

तेही असो, निदान पाच कामगार असलेल्या व्यवसायाला हा कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अंमलात आल्या आणि १९६१ चा कायदा कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विरघळला. तेथे मोटार वाहतूक व्यवसायाची मर्यादा आहे दहा कामगारांची. या देशात ट्रकचा धंदा दोन-चार गाड्यांच्या मालकांवर उभा आहे हे सरकारला ठाऊक नाही काय? मोठ्या कंपन्या आपले काम या छोट्या मालकांकडे सोपवितात ते काही त्यांच्यावरील प्रेमापोटी नव्हे. छोट्या मालकाच्या गाडीवरचा चालक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि रांगेचा खर्च उतरत उतरत त्याच्यापर्यंत येऊन थांबतो. पाचाचे दहा करणे ही, सुधारणेच्या नावाखाली, त्या खर्चाला दिलेली कायदेशीर वाट आहे.

गंमत अशी की थांबण्याला मजुरी देण्याचे तत्त्व याच बंदराच्या भिंतीआड फार पूर्वी मान्य झाले होते. जहाज आले तर काम, नाही तर उपास, अशी गोदी कामगारांची स्थिती होती. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे मंडळे स्थापन झाली. नोंदणीकृत कामगार हजर झाला आणि काम नसले तरी त्याला हजेरीचे पैसे मिळू लागले. खर्च येई जहाजवाल्यांवर व स्टिव्हेडोरांवर बसविलेल्या लेव्हीतून. म्हणजे बंदराच्या अनियमितपणाचे ओझे, बंदरातून नफा काढणाऱ्यांनी उचलावे, हे ठरले होते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला तो याच धाग्यावर. अनेक धन्यांचा एक हमाल असेल, तर सर्व धन्यांकडून लेव्ही घेऊन मंडळाने त्याची मजुरी द्यावी. तमिळनाडूचाही १९८२ चा अंगमेहनती कामगारांचा कायदा आहे, परंतु त्याखालील मंडळांचे काम प्रामुख्याने कल्याणकारी साहाय्यापुरते राहिले. पुढे कंटेनर आला, गोदीतले हजारो हात अनावश्यक ठरले, आणि जहाज व जमीन यांच्या मधला खोळंबा दरवाज्याबाहेर रस्त्यावर ढकलला गेला. खोळंबा गेला नाही. त्याची मजुरी तेवढी गेली.

सरकारचा इलाज सिमेंटचा आहे. बंदर ते मदुरवायल या उन्नत मार्गाची कोनशिला २००९ मध्ये बसली. कूवम नदीतील खांबांवरून २०१२ मध्ये काम थांबले आणि ते खांब वर्षानुवर्षे तसेच उभे राहिले. २०२२ मध्ये सुमारे साडेवीस किलोमीटरांच्या नव्या दुमजली आराखड्याची पुन्हा कोनशिला बसली. रस्ता हवाच, त्याला कोण विरोध करील? पण रस्त्याने रांगेचे ठिकाण बदलते. रांगेचा खर्च कोणी सोसावा हे रस्ता ठरवीत नाही.

ज्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सातारा, कोल्हापूर, बेळगाव आहे, तोच पुढे बंगळूर-वेल्लोरवरून चेन्नईला संपतो, आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्या तेथवर जातात. न्हावा शेव्याच्या वाटेवर उरण-कळंबोलीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची कहाणीही वेगळी नाही. २०२० मध्ये चेन्नई आणि मुंबईसह दहा शहरांतील बाराशेहून अधिक चालकांची पाहणी एका स्वयंसेवी संस्थेने प्रसिद्ध केली. दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालविणे, आणि थकलेल्या वा पेंगुळल्या अवस्थेतही चालवितो अशी जवळपास निम्म्यांची कबुली, हे तिचे निष्कर्ष. रांगेत गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी वेग वाढवून भरून काढावी लागते, हे उघड आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यावर उपाय म्हणून भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. त्या वादात चालकाला घाई करावयास लावणारा कोण, हा प्रश्न संसदेत वा बाहेर फारसा कोणी विचारला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी असा नियम झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून जळणाऱ्या डिझेलचे पैसे चालकाच्या बाट्यातून कापले जाणार नाहीत, याची हमी त्या नियमात नाही.

मागणी करावयाची ती नेमकी असावी. बंदराच्या किंवा यार्डाच्या रांगेत गाडी लागली की ठराविक वेळेनंतरच्या प्रत्येक तासाला चालकास मजुरी मिळाली पाहिजे. ती छोट्या गाडीमालकाकडून नव्हे, तर ज्याचा माल आहे आणि ज्याचे टर्मिनल आहे त्यांच्याकडून लेव्हीच्या रूपाने आली पाहिजे. छोटा मालक या प्रश्नात चालकाचा शत्रू ठरत नाही. त्याला या बाजूस ओढता आले पाहिजे. कचेरीत रात्रपाळीला असा माणूस हवा ज्याला पैसे पाठविण्याचा, मुदत वाढविण्याचा आणि थकलेल्या चालकाची खेप रद्द करण्याचा लेखी अधिकार आहे. त्याने दिलेला हुकूमही लेखी हवा, म्हणजे अपघातानंतर तो हरवणार नाही.

वेळ मोजणार कशी, ही सबब कोणी सांगू नये. गाडीत जीपीएस आहे, काचेवर फास्टॅग आहे, बंदराच्या दारात कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. चालक कोठे थांबला, किती थांबला, वळसा घेतला काय, याचा मिनिटा-मिनिटाचा जाब घेण्यासाठी ही यंत्रे कामास येतात. त्याच नोंदींची एक छापील प्रत, गाडी रांगेत आल्याच्या आणि दारातून आत गेल्याच्या वेळेसह, प्रत्येक खेपेनंतर चालकाच्या हातात द्यावी, एवढी मागणी चेन्नईच्या आणि न्हावा शेव्याच्या वाहतूक कामगार संघटनांना एकत्रितपणे उद्याच करता येईल. तिला कायदा लागत नाही, अंदाजपत्रक लागत नाही. आणि ती प्रत हाती आल्यावर मजुरीचा हिशोब मांडावयास चालकाला दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज पडणार नाही.