साक्षरतेचे थकलेले देणे

सरकारी दफ्तरात ज्याची नोंद ना. म. जोशी मार्ग अशी आहे, तो रस्ता गिरणगावाच्या तोंडी अजूनही डिलाईल रोडच आहे. ज्यांचे नाव या मार्गाला दिले गेले, ते नारायण मल्हार जोशी कामगार चळवळीचे अध्वर्यू म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र विस्मरणात गेली. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य असलेल्या जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा व मोफत वाचनालये सुरू केली. देशातील पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, पण ते वर्ष 1920. संघटनेच्या आधी अक्षर, असा त्यांच्या कार्याचा क्रम होता.

हे काम केवळ वर्गणी आणि सेवाभाव यांवर पेलणारे नाही, हे त्या पिढीने लवकरच ओळखले. 1939 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती अस्तित्वात आली. स्वातंत्र्यानंतर तीच समाजशिक्षण समिती झाली आणि तिच्याच प्रयत्नांतून 1967 साली मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ उभे राहिले. समाजाने आरंभ करावा आणि शासनाने त्याला स्थैर्य द्यावे, ही रीत याच शहराने देशाला दाखविली.

दुर्दैवाने पुढे देशभर या स्थैर्याची जागा मोहिमांनी घेतली. 1978 मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. 2009 मध्ये सुरू झालेले 'साक्षर भारत' मार्च 2018 मध्ये संपले. आता 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. पाच कोटी प्रौढांना साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट स्वागतार्ह आहे. त्यासाठी केंद्र व राज्ये मिळून 1,037 कोटी 90 लाख रुपयांची तरतूद आहे. भागाकार केला, तर एका प्रौढाच्या वाट्याला पुरते 208 रुपयेही येत नाहीत. शिकविणारा स्वयंसेवक विनामानधन असावा, हे येथे गृहीतच धरलेले आहे. महाराष्ट्रात 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम शाळाशिक्षकांवर सोपविले गेले, तेव्हा अशैक्षणिक कामांच्या ओझ्याने त्रासलेल्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. दिवसाची शाळा सांभाळणाऱ्यांवरच रात्रीचे कामही लादले की दुसरे काय होणार?

प्रौढशिक्षणावरील खर्चाकडे उपकार म्हणून पाहण्याची दृष्टी प्रथम टाकून दिली पाहिजे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व 1950 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेत होते. ती मुदत 1960 मध्ये संपली. आज साठीत असलेल्या निरक्षर स्त्रीचे सारे बालपण त्या मुदतीनंतरचे आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत आला तो 2002 साली, आणि तोही सहा ते चौदा वयोगटापुरता. तोवर तिचे वय उलटून गेले होते. म्हणजे तिचे शिक्षण हे राज्याचे थकलेले देणे आहे. देणेकऱ्याने देणे फेडताना दानाची भाषा वापरू नये.

सरकारी पैसा आला की सेवाभाव आटतो आणि खोटे हजेरीपट तयार होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. साक्षरतेच्या मोहिमांत कागदावरचे वर्ग आणि कागदावरचे साक्षर पुष्कळ निपजले. पण उद्दिष्टाचा आकडा मोठा, मुदत तोकडी आणि शिकविणारा बिनपगारी असेल, तर कागद रंगविणे अटळच ठरते. खाडे पडताळता येतील असा नियमित वर्ग आणि जाब विचारता येईल असा मानधनावरचा शिक्षक असेल, तर लबाडीला वाव कमी राहतो. स्वयंसेवकांचे मोल त्याने घटत नाही. उलट त्यांच्या कष्टाला बूड मिळते.

आज डिलाईल रोडच्या दोन्ही अंगांना गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथे पहारा देणारे, झाडलोट करणारे, घरोघर सामान पोहोचविणारे हात पूर्वीच्या गिरणी कामगाराइतकेच शिक्षणाला पारखे राहिलेले आढळतात. बँकेचे खाते, रुग्णालयाचा कागद, मोबाइलवर येणारा संकेतांक, सारे काही वाचता आले पाहिजे. ज्याला ते येत नाही, त्याला दर वेळी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागते. याच रस्त्यावरील शंभर वर्षे जुन्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराचा करार ज्याच्यापुढे ठेवला जातो, त्याला तो स्वतः वाचता येऊ नये, याइतके असहायपण दुसरे कोणते?

म्हणून शासनाने तीन गोष्टी कराव्यात. प्रौढशिक्षणाची तरतूद मुदतीच्या योजनेत न ठेवता शिक्षण खात्याच्या अर्थसंकल्पात कायम करावी. शिकविणाऱ्याला मानधन द्यावे. आणि पुनर्विकसित वसाहतींत वाहनतळ व व्यायामशाळेचा विचार होतो, तसा संध्याकाळच्या वर्गासाठी एका खोलीचाही व्हावा. संस्था, मंडळे आणि निवृत्त शिक्षक यांनी त्या वर्गाची जबाबदारी घ्यावी. गिरणगावात अशा मंडळांची वाण कधीच नव्हती.

ना. म. जोशींचे नाव रस्त्याला देऊन त्यांचे ऋण फिटत नाही. त्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला त्या नावाची पाटी वाचता यावी, एवढे तरी करून दाखविणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.